मादाम फाब्र जेवायला आल्या तो रविवार

“सालं काढू की तशीच राहू देत?” जयंतीनं विचारलं. तिच्यापुढे विळी होती आणि परातीत कृष्णाकाठची चार थोरली वांगी.

“तशीच. आणि फोडी मोठ्या कर. भाजी नाहीये ती, गळून जाता कामा नये.”

“काकू, ऐकलंत? वांग्याची आहे, पण भाजी नाहीये म्हणे.”

आई पाटावर बसून लसूण सोलत होती. “तिचं सगळं असंच. गेल्या आठवड्यात बटाट्याचा केक केला होता. त्याला केक म्हटलं तर रागावली.”

“ग्रातँ होतं ते, आई.”

“तेच ते.”

आम्ही तिघी हसलो. सकाळचे नऊ वाजले होते. गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात दीड किलो कांदा लोण्यावर मंद शिजत होता आणि मी दर दोन मिनिटांनी उलथनं फिरवत होते. कांदा घाईनं लाल केला की कडू होतो. तासभर उभं राहून त्याला खमंग तपकिरी करावं लागतं, तेव्हा कुठं त्याचं सूप होतं. त्या दिवशी मला घाई करून चालणारच नव्हतं. साडेबाराला मादाम फाब्र जेवायला येणार होत्या.

ही गोष्ट १९९१ च्या फेब्रुवारीतली. मी तेहेतीस वर्षांची होते आणि सांगलीच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवत होते. विभाग म्हणजे दोन माणसं, मी आणि जयंती मगदूम. जयंती आधी माझी विद्यार्थिनी होती. ती एम. ए. होऊन आल्यावर दुसरी जागा भरायची वेळ आली, तेव्हा बाहेरचा उमेदवार घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन एक तास भांडले आणि जयंतीला घ्यायला लावलं. तेव्हापासून दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला असायची. आईला ती मुलीसारखीच होती.

घरात आई आणि मी, दोघीच. वडील मी कॉलेजात असताना गेले. माझं लग्न जमता जमता राहिलं, मग तो विषयही हळूहळू बंद झाला.

फ्रेंच स्वयंपाकाचं वेड मला पुण्यात शिकताना लागलं. रद्दीच्या दुकानात एक जाडजूड जुनं पुस्तक मिळालं, फ्रान्समधल्या घरोघरच्या स्वयंपाकाचं. पानांना तेलाचे डाग, कुठं कुठं पेन्सिलीनं लिहिलेलं. मी ते भाषा सुधारावी म्हणून घेतलं. एका हातात शब्दकोश धरून वाचायला लागले आणि वाचता वाचता करूनही बघायला लागले. सांगलीत त्यातलं निम्मं सामान मिळायचं नाही. ऑलिव्हचं तेल औषधाच्या दुकानात, एवढ्याशा बाटलीत. म्हणून मी शेंगदाण्याचं तेल घ्यायचे. तिकडची लांब हिरवी काकडीसारखी भाजी नाही, म्हणून कोवळा दुधी. त्यांचा सुगंधी पाला नाही, म्हणून कुंडीतली ओव्याची पानं. क्रेप, म्हणजे तिकडची पातळ धिरडी, मी बिडाच्या तव्यावर घालायचे. तो तवा आईच्या घावनांचा होता. ओव्हन होता पत्र्याचा, गोल, झाकणाला काच असलेला. रोजच्या जेवणात बटाट्याचं आणि पातीच्या कांद्याचं सूप तर इतकं मुरलं होतं की आई त्याला नुसतं ‘तुझी आमटी’ म्हणायची. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद. मग माझे फ्रेंच पदार्थ चार महिने बटाट्यावर चालायचे.

अंड्यावरून मात्र घरात वर्षभर अबोला होता. शेवटी आईनं मागच्या गॅलरीत वेगळा स्टोव्ह ठेवायची परवानगी दिली. पुढं तिला कावीळ झाली, आणि उठल्यावर डॉक्टरांनी ताकद भरून यायला अंडं खा म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझं कॅरॅमलचं कस्टर्ड खाल्लं. “औषध म्हणून,” असं म्हणाली. औषध संपल्यावरही खात राहिली. तिच्या एकसष्टीला तिनं स्वतःच सांगितलं, श्रीखंड नको, ते तुझं उलटं करायचं पुडिंग कर.

मादाम फाब्र पुण्याहून आल्या होत्या. फ्रेंच शिकवणाऱ्या कॉलेजांची पाहणी करायचं त्यांचं काम होतं. पन्नाशीच्या, उंच, पांढऱ्या केसांचा बारीक कट. शनिवारी त्या माझ्या तासाला मागच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, सांगलीत कुठं काय खातात? मी म्हणाले, उद्या घरी या.

प्राचार्यांच्या गाडीनं त्यांना साडेबाराला आमच्या दारात सोडलं. आईनं दारात रांगोळी काढली होती. मादामनं चपला बाहेर काढल्या, आईला वाकून नमस्कार केला. आई एकदम खूश झाली.

पहिलं सूप वाढलं. त्यावर भाजलेल्या लादीपावाचा तुकडा आणि डब्यातलं किसलेलं चीज. मादामनं एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं.

“पुस्तकानं.”

“माझी आजी असं करायची,” त्या म्हणाल्या. “अगदी असंच नाही. तिचं इतकं चांगलं व्हायचं नाही.”

जयंतीनं ते आईला मराठीत सांगितलं. आईनं हात जोडले.

मग रातातूय वाढली, म्हणजे जयंतीनं चिरलेल्या त्या वांग्यांची. मादामनं दुधीची फोड काट्यावर धरून बघितली, मी खरं काय ते सांगितल्यावर मोठ्यानं हसल्या आणि आणखी वाढून घेतली. आई त्यांच्या ताटाकडे बघत होती. कुणी तिच्या घरात दुसऱ्यांदा वाढून घेतलं की आईचा चेहरा उजळायचा. तसा तो त्या दिवशीही उजळला होता. मला तो अजून दिसतो.

ग्रातँ संपत आलं तेव्हा मादाम म्हणाल्या, “मादमोआझेल, ऑक्टोबरपासून एक वर्ष दिजोंच्या एका शाळेत भाषा-सहायक म्हणून जायला आवडेल तुम्हाला? या भागासाठी एकच जागा आहे. नाव मी सुचवायचं आहे. वय पस्तिशीच्या आत हवं.”

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. हो म्हणाले. दोनदा म्हणाले. खुर्चीवरून अर्धी उठलेही असेन. कारण जयंतीनं माझा हात दाबला.

“काय म्हणतायत त्या?” आईनं विचारलं.

मी तिला सांगितलं. एक वर्ष. फ्रान्स. एकच जागा.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं भांड्यात उरलेला ग्रातँचा शेवटचा कोपरा, कडेचा खरपूस, जो आम्ही दोघी नेहमी अर्धा अर्धा घ्यायचो, तो सगळा माझ्या ताटात वाढला. “खा,” ती म्हणाली. “आज तुझा दिवस आहे.”

मी कस्टर्ड काढायला आत गेले. डब्याच्या कडेनं सुरी फिरवून तो ताटलीवर उलटा करायचा, आणि मग नुसती वाट बघायची. ओढून काढलं की मोडतं. मी जरा जास्तच वेळ थांबले. बाहेरून आईचा आवाज ऐकू येत होता, हळू, सलग. मग जयंतीचा फ्रेंचमधला. शब्द कळत नव्हते. शेजारी कुणाकडे तरी नळाखाली भांडी घासत होते. डब्यातून ‘पच्’ असा आवाज आला आणि कस्टर्ड अख्खं ताटलीत उतरलं.

ते घेऊन मी बाहेर आले. मादामनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे ओले होते.

“काय झालं?” मी मराठीतच विचारलं.

“काही नाही गं,” आई म्हणाली. “तू लहानपणी किती अशक्त होतीस ते सांगत होते त्यांना.”

जयंती आपल्या ताटाकडे बघत होती. मला वाटलं, तिलाही भरून आलंय.

जाताना मादामनं मला जवळ घेतलं. “तुमची आई फार मोठ्या मनाची आहे,” म्हणाल्या. मी म्हणाले, “मला माहीत आहे.”

एप्रिलमध्ये पत्र आलं. प्राचार्यांनी आम्हा दोघींना एकदमच बोलावलं आणि लिफाफा जयंतीच्या हातात दिला. निवड तिची झाली होती.

मी तिचं अभिनंदन केलं. स्टाफरूममधल्या सगळ्यांना पेढे मीच आणले. घरी येऊन मात्र मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. आई माझ्या मागं येऊन बसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. “देवाच्या मनात नव्हतं,” ती म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“माझं काय चुकलं असेल गं?”

“काही चुकलं नाही तुझं.”

मी कारणं शोधत राहिले. जयंतीचे उच्चार चांगले आहेत. ती पाच वर्षांनी लहान आहे. मी फार उतावीळपणे हो म्हटलं, त्यांना ते बरं दिसलं नसेल. पुढच्या खेपेला आपल्या भागाला जागा येईपर्यंत माझी पस्तिशी उलटणार होती, तेव्हा विचारायचं काही उरलंच नव्हतं. उन्हाळाभर मी जयंतीची तयारी करून घेतली. तिकडं एकटीला करून खाता येईल असे पंधरा पदार्थ तिला माझ्या हाताखाली करायला लावले. सप्टेंबरच्या शेवटी ती मुंबईला निघाली, तेव्हा मिरज स्टेशनवर तिच्या आईवडिलांबरोबर मीही होते. गाडी सुटताना ती खिडकीतून माझा हात धरून रडली. “चारू, मला माफ कर,” म्हणाली. मी म्हणाले, “वेडी आहेस का?”

दिवाळीच्या सुट्टीत मला मादाम फाब्रचं पत्र आलं. त्यांची भारतातली मुदत संपली होती आणि त्या परत जायच्या आधी सगळ्यांचा निरोप घेत होत्या. सुरुवातीला माझ्या सुपाची आठवण होती. मग त्यांनी लिहिलं होतं:

‘आता मी जातेच आहे, म्हणून एक गोष्ट मोकळेपणानं लिहिते. तुमच्या आईंनी त्या दिवशी मला विश्वासात घेऊन सांगितलं, की त्यांना एकटं टाकून जायचं तुमच्या मनात नाही, पण मला तोंडावर नकार देणं तुम्हाला जमणार नाही. मी पुन्हा विचारून तुम्हाला संकोचात टाकू नये, अशी त्यांनी विनंती केली. तुम्ही जेवताना इतक्या आनंदानं हो म्हणाला होतात, की मला आधी नवल वाटलं. मी तुमच्या मैत्रिणीकडे बघितलं. तिनं मान डोलावली. मग मी आईंना शब्द दिला आणि तो पाळला. आपल्या माणसासाठी असा त्याग करणारी मुलगी मी फार थोड्या घरांत बघितली.’

मी ते पत्र उभ्यानं वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. भाषेत काही चूक होतेय का, म्हणून एकेक क्रियापद तपासलं. काही चूक होत नव्हती.

आई गणपतीला गेली होती. ती रोज दोन वेळा देवळात चालत जायची, जिना न थांबता चढायची. तिला कसलाही आजार नव्हता. ती आली, तिनं प्रसाद माझ्या हातावर ठेवला.

“मादामचं पत्र आलंय,” मी म्हणाले.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती खुर्चीत बसली.

“तू त्यांना सांगितलंस, मला जायचं नाही म्हणून?”

“हो.”

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, रडेल, काहीतरी करेल. ती नुसती ‘हो’ म्हणाली.

“का?”

“तू गेली असतीस तर परत आली नसतीस.”

“एक वर्षाचं होतं ते, आई! एक वर्ष!”

“नसतीस आली. मला माहीत आहे ना. तू त्या पुस्तकातलं काही करायला घेतलंस की तू इथं नसतेस. मी समोर बसलेली असते, तुला दिसतही नाही. किती वर्षं बघतेय मी.”

“मग खात का होतीस? इतक्या आवडीनं मागून मागून खात होतीस, ते?”

“तू केलेलं होतं म्हणून.”

मी पत्राची घडी घातली. तीच म्हणाली, “तुला विचारलं असतं तर तू थांबली असतीस. पण मग जन्मभर मला ऐकवलं असतंस.”

“विचारायचं तरी होतंस.”

“धीर झाला नाही,” ती म्हणाली.

एप्रिलमध्ये मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं होतं, माझं काय चुकलं. ती माझे केस सारखे करत होती. तो हात मला राहून राहून आठवायला लागला. बाकी सगळं मी एखाद्या वेळी समजून घेतलं असतं. तो हात नाही.

त्याच आठवड्यात मी जयंतीला पत्र लिहिलं. एकच प्रश्न होता. तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं.

‘चारू, काकू जे बोलल्या ते मी फ्रेंचमध्ये सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी फक्त भाषांतर केलं. त्यांच्या तोंडावर मी त्यांना खोटं पाडायला हवं होतं का? नंतर मादामनी मला विचारलं, तुमची तयारी आहे का. मी हो म्हटलं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, खरं सांग.’

मान डोलावल्याचं तिनं लिहिलं नव्हतं. मी उत्तर पाठवलं नाही. तिची आणखी दोन पत्रं आली, ती फोडली नाहीत. ती परत आली नाही. तिकडंच एका शाळेत लागली, असं पुढं कानावर आलं.

आमच्या संस्थेचं एक कॉलेज बार्शीला होतं. तिथं फ्रेंच नव्हतं, पण इंग्रजीची जागा रिकामी होती आणि माझं इंग्रजीतही एम. ए. होतं. डिसेंबरमध्ये मी बदलीचा अर्ज दिला. जूनमध्ये हुकूम आला. आईला सांगितलं, सक्तीची बदली आहे.

“संस्थेचं काय, माणसं कुठंही टाकतात,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी मेतकूट, भाजणी, लोणचं असं बांधायला लागली. स्टँडवर सोडायला आली. मी बसमध्ये चढल्यावर खालून म्हणाली, “पोचलीस की कळव.”

बार्शीत मी एका खोलीत राहत होते. सकाळी कुकर लावायचा, भात-वरण, एखादी भाजी. जिभेला काही लागायचं नाही आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. पुस्तक मी सांगलीलाच ठेवलं होतं, कपाटात, मुद्दाम. मला ते नको होतं. आणि आईला ते रोज दिसावं, असंही वाटत होतं. हे सांगायला आज मला लाज वाटते, पण तसं वाटत होतं.

सुट्टीत सांगलीला जायचे. चार दिवस, फार तर आठ. आई पोळ्या करायची, मी जेवायचे. बोलणं शेजाऱ्यांचं, हवेचं, गॅसच्या नंबराचं. मादामचं नाव दोघींनीही काढलं नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी निघायच्या आदल्या दिवशी आई मागच्या गॅलरीत मेथी निवडत बसली होती. दुपारचं ऊन होतं. मी कपडे वाळत घालत होते.

“तुझ्या बदलीचं मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली.

मी मागं वळले नाही. “काय कळलं होतं?”

“तू अर्ज केला होतास. ऑफिसातल्या जोगळेकरांची बायको देवळात भेटते. हुकूम यायच्या आधीच तिनं सांगितलं.”

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी पिळत राहिले, पाणी सगळं गळून गेलं तरी.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार होते मी?” ती म्हणाली. तिनं एक काडी मोडली, पानं ताटात टाकली. “कुठल्या तोंडानं?”

मी तिच्या शेजारी येऊन बसले. तिच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. तीन वर्षांत ती किती बारीक झाली होती, ते मी तोवर बघितलंच नव्हतं.

“मी लबाडी केली,” ती म्हणाली. “मग तू केलीस. आता पुरे. तुला इथं परत यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर तसं सांग. मला सांग. माझ्या तोंडावर सांग.”

तिनं मेथीवरचे हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं. ती विचारत होती. तेवढं एकदा आधी केलं असतं तर मी थांबले असते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

“यायचं नाही, आई,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली, पदरानं नाक पुसलं, आणि मेथीची दुसरी जुडी सोडली. मी तिच्यातली निम्मी माझ्याकडे ओढून घेतली.